ओढ्याकाठची राहुटी

लखनौच्या होळीत बाबांचा कान जांभळा झाला आणि त्यामुळे आम्ही जंगलात राहायला गेलो. ऐकायला विचित्र वाटेल, पण घडलं ते याच क्रमाने.

बाबा तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. गोड्या पाण्यातल्या शेवाळांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. महानगर नावाच्या वस्तीतल्या एका भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहत होतो, आई, बाबा आणि मी. तिथली होळी म्हणजे आपली धुळवड, फक्त दसपट जोराची. त्या वर्षी सहकाऱ्यांनी बाबांना घरातून उचलून नेलं आणि कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाकीत बुडवून काढलं. बाकीचा रंग आठवड्यात उतरला. उजव्या कानाला मात्र कुणीतरी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांसाठी वापरतात ते जांभळं द्रावण चोळलं होतं. ते काही जाईना. त्याच पंधरवड्यात परदेशी पाहुण्यांसमोर बाबांचं व्याख्यान होतं. ते त्यांनी सबंध तासभर डाव्या बाजूने दिलं. एका पाहुण्याने शेवटी मान आखडण्यावर कुठलासा व्यायाम सुचवला.

"पुढच्या होळीला मी लखनौत नसणार," बाबांनी त्या संध्याकाळी जाहीर केलं.

"तो कहाँ जाओगे?" मी विचारलं. मी चौदा वर्षांची होते. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच यायची.

"अरण्यात," बाबा म्हणाले. "तंबू ठोकून राहू. झऱ्याकाठी."

आई भाजी चिरत होती. ती नुसती म्हणाली, "मी नाही तंबूत झोपणार." का, ते सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. साप, विंचू, अंधार, बायकांना ही भीती असतेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि वर्षभर ते आईची ही भीती घालवायच्या मागे लागले. जेवताना ते निसर्गाच्या सान्निध्याविषयी बोलत. स्वतः बाबा वाढले पुण्यात, पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. पाणी त्यांनी खूप पाहिलं होतं, पण बहुतेक बरणीतून.

तंबूची सोय सुभेदार काकांनी केली. छावणीजवळच्या तेलीबागला फौजेतली बरीच मराठी कुटुंबं राहत, त्यांतले हे एक. मूळचे साताऱ्याकडचे. गणपतीत ओळख झाली आणि दर महिन्याला येणं-जाणं सुरू झालं. धिप्पाड शरीर, टोकाला पीळ दिलेल्या मिशा, आणि दिवाणखान्यात नुसते बसले तरी पहाऱ्यावर आहेत असं वाटावं अशी बैठक. बाबांनी तंबूचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "सर, तुम्ही काय बी काळजी करू नका. तंबू आपल्यावर सोडा." पंधरा दिवसांत त्यांनी एका जुन्या सामानवाल्याकडून फौजेतून कंडम झालेला जाड कॅनव्हासचा तंबू मिळवला. तो आमच्या व्हरांड्यात आला तेव्हा चार माणसांनी धरला होता.

"एकदा इथेच मैदानावर लावून बघायचा का?" बाबांनी विचारलं.

"कशाला उगीच?" काका म्हणाले. "उघडायचा, मग परत घड्या घालायच्या. तिथंच लावू की."

बाबांना हे फार पटलं. अनुभवी माणसाला रंगीत तालीम लागत नाही, असं ते मला म्हणाले.

निघायच्या आधी बाबांनी निशातगंजच्या बाजारात दोन फेऱ्या मारून टॉर्च, मच्छरदाण्या आणि पक्षी बघायची दुर्बीण आणली. ऑफिसातल्या टाइपरायटरवर एक कार्यक्रमपत्रिका तयार केली. तिच्यात 'सायंकाळी पाच ते सहा : निसर्गाशी संवाद' अशी ओळ होती. आई अखेर यायला तयार झाली, पण एका अटीवर, की सामान ती बांधणार. तिने रॉकेलचा स्टोव्ह घेतला, काड्यापेट्या डब्यात बंद केल्या, सुतळीचं बंडल घेतलं आणि शेवटी मागच्या अंगणातलं फावडं पोत्यात गुंडाळून जीपमध्ये टाकलं.

"अगं, आपण जंगलात चाललोय. शेतात नाही," बाबा हसले.

"राहू द्या. जड नाही," आई म्हणाली.

होळीच्या आदल्या दिवशी भाड्याच्या जीपने आम्ही पहाटे निघालो. काकू माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे काका एकटेच आले. हिमालयाच्या पायथ्याचं, तराईतलं जंगल लागायला दुपार झाली. एका अधिकाऱ्याच्या ओळखीने बाबांनी परवानगीचं पत्र मिळवलं होतं. ते पाहून चौकीवरच्या वयस्कर चौकीदाराने आम्हाला आतल्या ओढ्यापर्यंत रस्ता दाखवला. जीपवाल्याला होळी घरी करायची होती. "परसों आ जाऊँगा," म्हणत सामान उतरवून तो गेलासुद्धा.

जागा मात्र खरंच देखणी होती. दोन्ही बाजूंना सालाची उंच झाडं, मध्ये जेमतेम घोटाभर पाण्याचा ओढा, आणि एका वळणावर पांढऱ्या वाळूचा सपाट पट्टा. इतका स्वच्छ, की जणू कुणी आमच्यासाठी झाडून ठेवला होता. बाबा बूट काढून वाळूत उभे राहिले. "सुभेदारसाहेब, इथे!"

"एकदम फर्स्ट क्लास," काका म्हणाले.

बाबांनी चौकीदाराकडे वळून विचारलं, "क्यों भाई, जगह कैसी है?"

चौकीदार लखनौजवळच्या मलिहाबादकडचा. फार अदबीने बोलायचा. त्याने वाळूकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहुत उम्दा जगह है, हुज़ूर. पानी को भी बहुत पसंद है."

बाबांना वाटलं, माणूस रसिक आहे. त्यांनी त्याला लाडू दिला. तो सलाम करून सायकलवर बसून गेला.

मग तंबू. कॅनव्हास पसरला तेव्हा तो आमच्या दोन खोल्यांएवढा दिसायला लागला. काकांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, खांबांची टोकं एकमेकांत बसवली आणि "सर, तुम्ही तिकडून उचला," असा हुकूम सोडला. बाबांनी उचललं. तंबू उभा राहिला, क्षणभर विचार करावा तसा थांबला आणि बाबांच्या अंगावर बसला. त्यांना बाहेर काढल्यावर काका म्हणाले, "वाऱ्यानं झालं." वारा नव्हता. दुसऱ्या वेळी मेखा आधी ठोकल्या. त्या वाळूत सुरी लोण्यात जावी तशा गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. तिसऱ्या वेळी तंबू उभा राहिला. बाबांनी फोटोसाठी कॅमेरा काढला. छत्तीस फोटोंचा रोल होता, बाबा जपून वापरायचे. ते चौकट जमवत असताना तंबू एका बाजूला कलला आणि सावकाश झोपला.

आई इतका वेळ एका दगडावर बसून होती. आता ती उठली.

"भावजी," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तंबूत किती दिवस काढलेत?"

काकांनी मिशीला हात लावला. मग बाबांकडे पाहिलं. बाबा कॅमेरा हातात घेऊन उभे होते.

"वहिनी, आता तुमच्याशी काय खोटं बोलायचं? ट्रेनिंगमध्ये चार दिवस. आणि त्या वेळीपण तंबू लावणारी पार्टी वेगळी होती. मी हजेरी लिहीत होतो." ते खाली वाळूत बसले. "मी क्लार्क आहे, सर. सुभेदार खरा, पण क्लार्क. चोवीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय. तुम्ही कधी विचारलंच नाही. आधीच धरून चाललात, मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना."

एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. बाबा म्हणाले, "अहो, त्यात काय," पण कशात काय ते त्यांनाही सुचेना.

आईने पदर खोचला. "राहुटी इथून उचला," ती म्हणाली. "सगळी. वर न्यायची."

राहुटी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती ओढ्याच्या काठाने थोडं चालत गेली आणि एका झुडपापाशी थांबली. माझ्या कमरेच्या उंचीवर त्याच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काड्या, चिखल असं अडकून बसलं होतं.

"हे काय आहे सांग."

"कचरा," मी म्हणाले.

"इथवर कसा आला?"

 बाबांनी त्या कचऱ्याकडे पाहिलं, खाली वाळूकडे पाहिलं आणि ते मेखा गोळा करायला लागले.

काठापासून बरंच वर, एका उंचवट्यावर तिने जागा निवडली. आधी मान वर करून झाडं पाहिली. सगळ्यांत मोठी सावली ज्या झाडाची, त्याच्यापासून लांब. "वाळकी फांदी आहे त्याला," एवढंच म्हणाली. मग तिने आम्हाला कामाला लावलं. मेखा तिरप्या, डोकं राहुटीपासून बाहेरच्या बाजूला. खांब एकदम नाही उचलायचा, आधी समोरासमोरचे दोन तणावे बांधायचे. तणावा म्हणजे तंबूची दोरी, हे मला त्या दिवशी कळलं. काका आता खऱ्या जवानासारखे वागायला लागले. आई म्हणेल ते "जी वहिनी" म्हणून करायचे, आणि ते त्यांना उत्तम जमत होतं. अर्ध्या तासात राहुटी उभी राहिली. ताठ, चारी बाजूंनी सारखी. मग आईने पोत्यातलं फावडं काढलं आणि भोवतीने वीतभर खोल चर खणायला घेतला. बाबांनी ते तिच्या हातून घेतलं. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि परत घेतलं.

'निसर्गाशी संवाद' त्या दिवशी राहिलाच. स्टोव्हवर चहा झाला तेव्हा उन्हं उतरत होती. उत्तरेला डोंगरांच्या दिशेने आभाळ काळं झालं होतं, पण आमच्या डोक्यावर निळं होतं. बाबांनी कपातला चहा बराच वेळ फिरवला.

"तू हे कुठे शिकलीस?"

"घरीच," आई म्हणाली.

"म्हणजे? तुझे वडील पाटबंधारे खात्यात होते ना?"

"होते ना. चेनमन होते."

मी विचारलं, "चेनमैन मतलब?"

"मोजणीची साखळी ओढणारा माणूस," आई म्हणाली. "साहेब दुर्बिणीतून बघायचे. माझे वडील साखळी घेऊन चालायचे. कालवा कुठून जाणार ते ठरवायचं असायचं. काम पुढे सरकलं की राहुट्या पुढे सरकायच्या. आम्ही सगळे बरोबर. अकरा वर्षांची होईपर्यंत मी भिंतीच्या घरात झोपलेली नाही. संध्याकाळी फिरून सगळे तणावे सैल करायचे, ते माझं काम होतं. दव पडलं की सुती दोरी आखडते आणि मेख उपटते." असं म्हणून ती उठली आणि तणावे सैल करून आली.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. स्थळ आलं तेव्हा 'मुलीचे वडील पाटबंधारे खात्यात' एवढं सांगितलं गेलं होतं. ते खरं होतं. बाबांनी त्यापुढे टेबल, खुर्ची आणि पंखा आपल्या मनाने मांडला होता.

"मला कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, तुम्हाला तंबूची हौस आहे. हौस असणाऱ्याला काय सांगायचं?" तिने कप पालथा घातला. "शाळेत जरा मैत्रीण झाली की राहुटी निघायची. माझ्या आईला एक आरसा होता, तो ती उशाखाली ठेवायची. टांगायला जागा नव्हती. मला भिंत हवी होती. जिला खिळा ठोकता येईल अशी. बाकी काही नको होतं."

आमच्या महानगरच्या घरात एकेका भिंतीवर तीन-तीन कॅलेंडरं होती. पेट्रोल पंपाची, मेडिकलवाल्याची, मिठाईवाल्याची. बाबा त्यांना 'गावंढळ हौस' म्हणायचे.  काका नाक पुसत म्हणाले, "वहिनी, माझी बदली अकरा वेळा झाली. पोरगी अजून विचारते, आपलं गाव कोणतं."

आम्ही पिठलं आणि घरून आणलेल्या पुरणपोळ्या खाऊन लवकर झोपलो. पाऊस आमच्याकडे पडलाच नाही.

सकाळी मला बाबांच्या हाकेने जाग आली. ते उंचवट्याच्या टोकावर अनवाणी उभे होते. खाली वाळूचा पट्टा नव्हताच. घोटाभर ओढ्याच्या जागी गढूळ, रुंद पाणी घाईघाईने चाललं होतं, आणि आदल्या दिवशीच्या त्या झुडपाचा फक्त शेंडा वर होता. डोंगरात कुठेतरी रात्रभर कोसळला होता. बाबांचे बूट वाळूतच राहिले होते. ते बहुधा एव्हाना घाघरा नदीला पोचले असतील. बाबांनी आईकडे पाहिलं.  आई म्हणाली, "चहा टाकू?"

नऊच्या सुमाराला चौकीदार आला, बायको, सून आणि दोन नातींना घेऊन. "रात आराम से गुज़री, हुज़ूर?"

बाबा त्याच्यावर उखडले. वाळूत पाणी येतं हे माहीत होतं तर सांगितलं का नाही?

"अर्ज़ तो किया था," तो हात जोडून म्हणाला, "कि पानी को भी पसंद है. आप जगह की इतनी तारीफ़ कर रहे थे, बीच में कैसे बोलता? शाम को देखने आया था. बहूजी का खेमा ऊपर लगा देखा तो लौट गया."

आणि मग त्याने आपल्या आगमनाचं खरं कारण सांगितलं. त्या दिवशी होळी होती. साहेब लोक घर सोडून जंगलात एकटे, हे त्याच्या घरच्यांना बघवलं नव्हतं. नातींच्या हातात पळसाच्या फुलांच्या रंगाने भरलेल्या बादल्या होत्या. बाबा मागे सरकायला लागले, पण मागे आईने खणलेला चर होता. ते त्यात बसले आणि दोन्ही बादल्या त्यांच्यावर रिकाम्या झाल्या. काकांनी त्यांना धरून ठेवलं होतं, असं मला अजूनही वाटतं. ते नाही म्हणतात. पुढचे दोन तास आम्ही सगळे केशरी होतो. आई त्या सुनेबरोबर चरात पाय सोडून बसली होती आणि दोघी कशाला तरी इतक्या हसत होत्या की मला हेवा वाटला.

लखनौला परतल्यावर बाबा ही गोष्ट सांगायला लागले. पहिल्या खेपेला खरी सांगितली. दुसऱ्या खेपेला 'आम्ही जागा बदलली' असं झालं. गणपतीपर्यंत तिचं 'मला पाण्याच्या खुणा दिसल्या, म्हणून मी म्हटलं' झालं. खोटं बोलतोय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. झुडपातून त्याच संध्याकाळी उचललेल्या चिमूटभर कचऱ्यातली शेवाळं त्यांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, त्यामुळे तो कचरा त्यांना आपलाच वाटू लागला असावा. आई पोहे देत ऐकायची. त्या गणपतीत मात्र तीसेक मराठी माणसांसमोर बाबा इथपर्यंत आले तेव्हा सुभेदार काका उभे राहिले.

"सर, थांबा," ते म्हणाले. "जागा वहिनींनी शोधली. राहुटी वहिनींनी लावली. आपण दोघं वाळूत बुडालो असतो. आणि मंडळी, मी क्लार्क आहे."

 बाबांचे दोन्ही कान लाल झाले. मग ते हसायला लागले, आधी थोडं ओशाळून आणि नंतर अगदी मनापासून, आणि म्हणाले, "खरं आहे. मी बूटसुद्धा वाळूत विसरलो होतो." घरी जाताना स्कूटरवर त्यांनी आईला विचारलं, लहानपणीची राहुटी कुठे कुठे होती ते तिला आठवतं का. आई म्हणाली, थोडंफार.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा बाबांनी दोन दिवस काढून आम्हाला नगरकडे नेलं. आईचे वडील तेव्हा हयात नव्हते. तिथल्या कालव्याच्या आखणीत त्यांनी साखळी ओढली होती, पण त्याला पाणी आलेलं पाहिलं नव्हतं. आईनेही नाही. एका फाट्यावर उतरून आम्ही बरंच चाललो आणि एकदम तो समोर आला. काठोकाठ भरलेला, सरळ, अजिबात घाई नसलेला कालवा. दोन्ही अंगांना डोक्यापेक्षा उंच ऊस.

"इथेच होती का?" बाबांनी विचारलं. कॅमेरा तयार होता.

आईने डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे पाहिलं. "काय माहीत. तेव्हा सगळं उघडं माळरान होतं." ती खाली वाकली आणि पाण्यात हात बुडवून तो बराच वेळ तसाच ठेवला. वर आणला तो तिने पुसला नाही.

तेवढ्यात उसातून एक शेतकरी बाहेर आला. आम्ही त्याच्या बांधावर उभे होतो आणि बाबांच्या पायाखाली त्याची पाण्याची नळी आली होती. "ओ, कोण तुम्ही? इथं काय मोजताय?"

"कुछ नहीं भैया, बस देख रहे थे," आई म्हणाली. हिंदीत. तिचं तिलाच कळलं आणि ती चपापली.

तो बुचकळ्यात पडला. "कुठले तुम्ही?"

आईने एकदा कालव्याकडे पाहिलं.

"लखनौचे," ती म्हणाली.